लेक बाळंतपणाला येतेय

बाळंतविड्याची खरेदी तुळशीबागेत एका दुपारात उरकते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी सगळं सुती घ्यायचं, एकदा धुऊन कडक उन्हात वाळवायचं, झालं. मी सुरुवात फाइलपासून केली. लेक सातव्या महिन्यात नाशिकहून पुण्याला येणार, म्हणजे डॉक्टर बदलणार. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा, सगळं तिने हातातल्या पिशवीत आणायचं. आल्या आठवड्यातच नाव नोंदवायचं. खाजगी परवडत नसेल तर ससून आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू आहे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणीही असते.

तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, जावयांचा पॉझिटिव्ह. यात त्रास सहसा पहिल्या बाळाला होत नाही, पुढच्याला होतो. म्हणूनच हे विसरलं जातं. तो त्रास टाळायला अँटी-डीचं इंजेक्शन २८व्या आठवड्याला, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. ते थंड ठेवावं लागतं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. प्रसूतिगृहात ठेवतात का, हे आधीच विचारून घ्या.

लोहाची गोळी चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमबरोबरही नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर.

आता रस्ता. आम्ही सदाशिव पेठेत, प्रसूतिगृह नदीपलीकडे, आणि दिलेली तारीख अनंत चतुर्दशीच्या अलीकडे-पलीकडे! लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे चारही रस्ते मिरवणुकीचे, ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि सगळे येऊन मिळतात अलका चौकात. त्यामुळे विसर्जनाच्या दोन दिवस आधीच नदीपलीकडे कोथरूडला माझ्या बहिणीकडे मुक्काम हलवायचा. रुग्णवाहिकेचे १०८ आणि १०२ दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत, रात्री येईल अशा रिक्षावाल्याचाही.

त्याच कागदावर आणखी लिहिलंय: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, फिट, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर कळांची वाट बघायची नाही, निघायचं.

एक तयारी माणसांची. आमच्या सासूबाईंना पणतवंडाला मध चाटवायचाय. त्यांना आत्ताच सांगितलं, पहिल्या तासात आईचं दूध, पिवळा चीकसुद्धा टाकायचा नाही, सहा महिने पाणीही नाही. नाळेला हळद-तेल नाही, पहिल्या दिवशी आंघोळ नाही, आईच्या उघड्या छातीशी बाळ धरायचं. शेगडीची धुरीही बंद. त्यावर त्या दोन दिवस रुसल्या. मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि बाळंतशेपा हे खातं त्यांच्याकडे दिलं, तशी कळी खुलली. लाडू मात्र बेताने, लेकीची साखर काठावर आहे.

घरी आल्यावर बाळ दूध ओढेना, पाय गार पडले, छाती भराभर उडायला लागली किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, तर थेट डॉक्टर. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीची लस घरी सोडण्याआधी दिली का, कार्डावर बघून घ्यायचं. जन्माची नोंद २१ दिवसांत. नावावरून दोन्ही घरांत अजून वाद चालू आहे, पण नोंद नावाशिवायही होते.