हिवाळी फुलांचा वाफा, बियांपासून

‘थंडी पडली की बी पेरा’ हा सल्ला पुण्यात निरुपयोगी आहे. डिसेंबरात पेरलेला पिटुनिया फुलायला लागतो आणि मार्चचं ऊन त्याला करपवतं. पाऊस परतला की, दसऱ्याच्या आसपास पेरा. मग जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, त्या सुमारास तुमचा वाफाही फुललेला असतो.

जागा ऑक्टोबरच्या उन्हावर ठरवू नका. १० मीटर उंच इमारतीची भर दुपारची सावली ऑक्टोबरच्या मध्यावर उत्तरेला ५ मीटर पडते, २१ डिसेंबरला ९ मीटर. तेवढं अंतर सोडून वाफा आखा. मागे हॉलीहॉक आणि लार्कस्पर, मध्ये डॉगफ्लॉवर, पुढे डायंथस, अगदी कडेला अ‍ॅलिसम.

लार्कस्पर, नॅस्टर्शियम, स्वीट पी थेट जागेवरच पेरा. मूळ हललेलं त्यांना सोसत नाही. बाकीची रोपं ट्रेमध्ये करायची, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

माझे सलग तीन वर्षांचे ट्रे गेले. रात्री हिरवीगार उभी असलेली रोपं सकाळी आडवी. एक उचलून पाहिलं, तर पानं ताजी होती, पण मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला. लोक म्हणाले, पाणी कमी पडतंय. मी आणखी पाणी घातलं आणि उरलेली रोपंही गेली. ही बुरशी असते. जुनी माती, दाट पेरणी आणि सतत ओला पृष्ठभाग मिळाला की ती फोफावते.

कुंडीतली जुनी माती ट्रेमध्ये कदापि घालू नका. भिजवून पिळलेलं नवं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. पिटुनियाचं बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक; ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून विरळ भुरभुरा आणि नुसतं दाबा. वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. झारी तर लांबच ठेवा. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की बाहेर काढा, आणि हे सकाळीच करा. ओलाव्यासाठी प्लास्टिक झाकलं असेल, तर पहिला कोंब दिसेल त्याच दिवशी ते काढा. एखादं रोप आडवं झालंच, तर भोवतीच्या कोकोपीटसकट चमच्याने उचलून फेका. दालचिनीची पूड टाकून मी दोन हंगाम पाहिले. रोपं वाचली नाहीत.

उगवतानाची पहिली जोडी सोडून चार खरी पानं आली की संध्याकाळी वाफ्यात लावा. पिटुनिया आणि डॉगफ्लॉवर वीतभर होण्याआधी शेंडा खुडा. जीव कळवळतो, पण फांद्या त्यानेच फुटतात. पुढे सुकलेली फुलं पाकळ्यांखालच्या फुगीर भागासकट काढत राहा. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर बी धरतं आणि कळ्या येणं मंदावतं.