सांत्वनाला जाताना

पंचविशीत अशा घराच्या दारातूनच परतायला मी काहीतरी निमित्त शोधायचे. पस्तिशीत उलटं झालं, बोलतच सुटायचे. मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा ‘बरं झालं, सुटले बिचारे’ म्हणून मोकळी झाले. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. पुढं माझे दादा गेले आणि तेच वाक्य सात-आठ जणांनी मला ऐकवलं, तेव्हा ते कुठं लागतं ते कळलं. आता सत्तावन्नाव्या वर्षी भाचीनं विचारलं, ‘मावशी, जाऊन करायचं काय?’ तिला सांगितलं ते असं.

पहिल्या दिवशी कडू घासाचं पिठलं-भात कोण आणतंय ते शेजारी विचारून घे. ते ठरलं असेल तर तू दूध-साखर ने, त्या घरात नेमकी तीच संपते. ‘कसं झालं?’ विचारू नकोस, सकाळपासून त्यांनी ते पन्नासदा सांगितलेलं असतं. जवळ बस. निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, खांद्यावर हात ठेवून उठायचं.

मग कागद. सांगलीत बँकेच्या काउंटरवर मी 31 वर्षं काढली, म्हणून हे जरा ठासून सांगते. कर्त्या मुलाला बाजूला घे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढाव्यात. गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद करू नये, गॅसपासून विमा-पेन्शनपर्यंत सगळे मेसेज त्यावरच येतात. पिन माहीत असला तरी त्यांच्या कार्डावर पैसे काढू नयेत. आणि बँक खात्यावरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचाच राहतो. यावरून सख्खी भावंडं माझ्या खिडकीसमोर हमरीतुमरीवर आलेली आहेत.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. महिन्याभरानं, फोन करून, दुपारची जा. गेलेल्या माणसाचं नाव घे. मी पूर्वी टाळायचे, आठवण येईल म्हणून. जशी काही एरवी येत नव्हती!

परवा अशाच एका वहिनींकडे गेले होते. ‘तुमचे हे दर दिवाळीला माझ्याकडे कोऱ्या नोटा मागायचे,’ मी एवढंच म्हणाले. त्या उठल्या, कपाटातून पाकीट आणलं. नातवंडांसाठी जपलेल्या दहा-दहाच्या नोटा, एकही घडी न पडलेल्या. मग दोन तास त्याच बोलत होत्या.

उठताना मी ‘येते’ म्हणाले.

‘गुरुवारी या,’ त्या म्हणाल्या, ‘पोहे करते.’