रहस्यकादंबरी लिहिताना या चुका टाळा

रहस्यकादंबरीत दोन गोष्टी चालू असतात. एक घडून गेलेली, गुन्ह्याची. दुसरी डोळ्यांसमोर घडणारी, तपासाची. वाचक दुसरी वाचतो, पण पुस्तक उभं असतं पहिलीवर. फसलेली हस्तलिखितं तपासली की बहुतेकदा एकच कारण हाती लागतं: लेखकाने पहिली गोष्ट कधी कागदावर उतरवलेलीच नसते. ती डोक्यात असते, अर्धवट असते आणि प्रत्येक प्रकरणागणिक थोडी बदलत जाते. पुढच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात.

गुन्हा न लिहिता तपास लिहायला घेणे

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी गुन्हेगाराच्या बाजूने सगळी हकिकत लिहून काढा. दोन ते तीन हजार शब्द पुरे. कारण, तयारी, साधन, प्रत्यक्ष कृत्य, नंतरची लपवाछपवी. ही हकिकत पुस्तकात जाणार नाही, त्यामुळे भाषेची चिंता नको.

या हकिकतीत योजनेबाहेरच्या किमान तीन गोष्टी घडू द्या. ठरल्याप्रमाणे पार पडलेल्या गुन्ह्यातून धागे, म्हणजे गुन्हेगारापर्यंत नेणाऱ्या खुणा, निघत नाहीत. शेजारी तासभर आधी परततो, वीज जाते, मृताने नेमका त्याच दिवशी कुणाला तरी फोन केलेला असतो. अशा वेळी गुन्हेगाराला ऐनवेळी काहीतरी करावं लागतं आणि त्या घाईत केलेल्या गोष्टीतूनच उत्तम धागा मिळतो. लेखकाने तपासाच्या सोयीसाठी नंतर पेरलेला धागा मात्र अनुभवी वाचकाला लगेच ओळखू येतो, कारण गुन्हेगाराने ती वस्तू तिथे का सोडली याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

मग वेळापत्रक करा. उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत दर पंधरा मिनिटं, गुन्ह्याआधीचे तीन तास आणि नंतरचे तीन. प्रत्येक चौकटीत दोन नोंदी: पात्र खरोखर कुठे होतं आणि आपण कुठे होतो असं ते सांगतं. जिथे दोन नोंदी जुळत नाहीत, तिथे खोटं आहे. प्रत्येक खोट्याला कारण हवं, आणि निर्दोष संशयितांचीही काही खोटी हवीत. फक्त गुन्हेगारच खोटं बोलत असेल, तर वाचक पहिल्याच विसंगतीला त्याला पकडतो.

अर्ध्यात आल्यावर गुन्हेगार बदलावासा वाटला, तर लिहिणं थांबवा आणि आधी गुन्ह्याची हकिकत नव्याने लिहा. नंतर आतापर्यंत पेरलेल्या धाग्यांची यादी काढून प्रत्येकाचं काय करायचं ते ठरवा: निर्दोष खुलासा देऊन त्याचा चकवा (वाचकाला चुकीच्या दिशेला नेणारा धागा) करायचा, की उडवून टाकायचा. नव्या गुन्हेगाराचा हेतू पहिल्या तृतीयांशात कुठेच डोकावत नसेल, तर बदल करू नये. शेवटी आणून चिकटवलेला हेतू लपत नाही.

एकदाच वाचून पुस्तक ठेवून देणे

या प्रकारात लिहिणाऱ्याने चांगलं पुस्तक निदान दोनदा वाचलं पाहिजे. पहिल्या वाचनात फक्त वाचक राहा, पण एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश टप्प्यावर थांबून कुणावर संशय आहे आणि कशावरून, हे दोन ओळींत लिहून ठेवा. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. प्रत्येक धागा पहिल्यांदा कुठे आला, त्याच्या लगेच आधी आणि नंतर कोणतं वाक्य आहे, त्याचा अर्थ किती पानांनी उलगडला, हे समासात नोंदवा. पाच-सहा पुस्तकं अशी वाचली की लक्षात येतं, महत्त्वाचा धागा सहसा परिच्छेदाच्या मध्यभागी असतो आणि पाठोपाठ काहीतरी गडबड उडते: भांडण, दारावरची थाप, कुणाचं तरी अनपेक्षित आगमन. वाचकाचं लक्ष गडबडीकडे जातं.

स्वतःचा खर्डा चालू असताना नवी रहस्यकथा वाचू नये, सूर नकळत उसना येतो. जुनी, पेन्सिलीने वाचलेली पुस्तकं मात्र जरूर चाळावीत. त्यांच्या जोडीला न्यायालयांचे निकाल वाचावेत. कोणता पुरावा का टिकला आणि कोणता का पडला, एकाच प्रसंगाबद्दल तीन साक्षीदार किती वेगळं बोलतात, हे निकालपत्रांत सविस्तर असतं. जबाबाचे प्रसंग लिहिताना त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

धागा उघडा ठेवणे किंवा पुरून टाकणे

प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत धागा ठेवू नका. तिथे वाचकाची नजर थांबते, वाक्य लक्षात राहतं. परिच्छेदाच्या शेवटालाही हाच धोका आहे. लपवायला यादी बरी: ‘टेबलावर चष्म्याचं घर, दोन पेनं, गोळ्यांची न फोडलेली पट्टी, कालचं वर्तमानपत्र आणि कात्री होती.’ मृत रोज रात्री गोळी घेत असे, ही माहिती तीस-चाळीस पानांनी दुसऱ्याच संदर्भात येऊ द्या. दोन अर्धुकं वेगळी ठेवल्याने वाचकाला दोन्ही मिळतात, पण जोडण्याचं काम त्याच्याकडे राहतं.

याहून प्रभावी पद्धत म्हणजे धाग्याला लगेच चुकीचा पण पटणारा अर्थ देणे. चिखलाने भरलेले बूट दिसले की त्याच प्रसंगात माळ्याचा उल्लेख यावा. वाचकाला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि तो शोधणं थांबवतो. गुन्हेगाराकडे थेट बोट दाखवणारा धागा मात्र एकदाच आणून भागत नाही. तो तीन वेळा, तीन वेगळ्या रूपांत यावा: एकदा वस्तू म्हणून, एकदा कुणाच्या बोलण्यात, एकदा कृतीत.

चकव्याचाही स्वतःचा उलगडा हवा. रात्री बागेत खड्डा खणणारा माणूस खुनी नसेल, तर तो काय पुरत होता हे कळलंच पाहिजे.

संशयितांची गर्दी

पाच ते सात संशयित पुरतात. त्याहून जास्त झाले तर वाचक त्यांना ओळखेनासा होतो आणि संशय घ्यायचंच सोडून देतो. नावांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. सुरेश, सुनील आणि सुहास एका घरात नकोत. तोच माणूस एका प्रकरणात नावाने, दुसऱ्यात आडनावाने आणि तिसऱ्यात ‘डॉक्टर’ म्हणून आला, तर दोन माणसांचा भास होतो. निवेदनात प्रत्येकाचं एकच नाव चालवा.

क्रियापदाने गुपित फोडणे

मराठीत लिहिणाऱ्यासाठी ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. अनोळखी गुन्हेगाराचं प्रकरण प्रथमपुरुषी लिहायचं, तर ‘मी आत शिरलो’ की ‘मी आत शिरले’? पहिल्याच क्रियापदात निम्मे संशयित बाद होतात. वर्तमानकाळातही ‘बघतो’ आणि ‘बघते’ हा फरक आहेच.

मार्ग आहेत. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद बहुधा कर्माप्रमाणे चालतं: ‘मी दार उघडलं’, ‘ड्रॉवर ओढला’, ‘पाकीट उचललं’. कर्ता पुरुष की स्त्री, ते कळत नाही. ‘मला पावलं ऐकू आली’, ‘माझा हात थांबला’ ही रचनाही सुरक्षित. भविष्यकाळात ‘मी जाईन’ चालतं. पण पिणे, बोलणे, विसरणे, शिकणे, म्हणणे ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याचं लिंग दाखवतात: ‘मी पाणी प्यायलो’, ‘मी किल्ली विसरले’. खर्डा तपासताना या पाचांचा शोध स्वतंत्रपणे घ्या. असं प्रकरण दीड-दोन पानांपेक्षा लांबवू नये, नाहीतर वाक्यांची कसरत दिसू लागते.

तृतीयपुरुषात ‘व्यक्ती’, ‘आकृती’ आणि ‘सावली’ स्त्रीलिंगी आहेत. ‘आकृती पुढे सरकली. तिने मागे पाहिलं’ असं चार वेळा आलं की वाचकाच्या मनात बाई उभी राहते, आणि मध्येच ‘तो वळला’ आलं तर गुपित संपतं. ‘कोणीतरी आत आलं’ हे नपुंसकलिंगी रूप सर्वांत निर्धोक. फोनवरचं एकतर्फी बोलणं लिहिताना ‘अरे’ आणि ‘अगं’ टाळा, ते पलीकडचं माणूस उघड करतात.

हीच भाषा धागा म्हणून फार सुंदर वापरता येते. एकमेकांना ओळखत नाही असं सांगणाऱ्या दोघांपैकी एकाच्या तोंडून गडबडीत एकच ‘तू’ निसटावा, पुढे पुन्हा ‘तुम्ही’. पण त्यासाठी बाकी सगळीकडे संबोधनं काटेकोर हवीत. कोण कुणाला तू, तुम्ही, काका, साहेब म्हणतं याचा तक्ता करा. लेखकाच्या हातून नकळत झालेला बदल वाचक पुरावा समजतो, आणि उलगड्यात त्याचा उल्लेख आला नाही की फसवल्यासारखं वाटतं.

वाचकापासून चोरून ठेवणे

‘त्याने चिठ्ठी वाचली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं.’ प्रकरण समाप्त. चिठ्ठीत काय होतं ते साठ पानांनी. हा अन्याय आहे. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख सुरुवातीच्या भागातच यावा आणि तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही दिसावा, हे त्यातले दोन नियम आजही मोडू नयेत. तपास करणाऱ्याचा तर्क लपवता येतो. त्याने पाहिलेली वस्तू लपवता येत नाही. शक्यतो त्याच्या मनात शिरूच नका. त्याच्यासोबत फिरणाऱ्या, त्याच्याइतकंच पाहणाऱ्या पण कमी समजणाऱ्या पात्राच्या नजरेतून लिहिलं की हा पेच सुटतो.

शरीर, विष आणि यंत्रांबद्दल ऐकीव माहिती

‘मृत्यू रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी झाला,’ असं कोणताही डॉक्टर केवळ प्रेत पाहून सांगू शकत नाही. तो काही तासांची मर्यादा देतो. शरीर साधारण दोन ते चार तासांत ताठू लागतं, पूर्ण ताठायला बाराएक तास लागतात, आणि उष्ण हवेत सगळंच लवकर घडतं. रक्त खालच्या बाजूला साचून उमटणारे डाग साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. पालथ्या पडलेल्या प्रेताच्या पाठीवर असे डाग असतील, तर ते नंतर उलटवलं गेलंय. मिनिटांपर्यंत नेमकी वेळ हवी असेल, तर ती शेवटचा फोन, शेवटची भेट, बंद झालेलं दार यांतून बसवा.

क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस क्षणात कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. डोक्यावरच्या फटक्याने तासभर बेशुद्ध पडलेला माणूस उठून लगेच पाठलाग करू शकत नाही. त्याच्या मेंदूला गंभीर इजा झालेली असते. सायलेन्सर लावलेलं पिस्तूलही चांगलंच मोठ्याने वाजतं. मोबाइलच्या टॉवरवरून परिसर कळतो, खोली कळत नाही. जुन्या काळातली कथा असेल तर सालं तपासा: आर्सेनिक ओळखण्याची मार्श चाचणी १८३६ सालची, बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झालं, आणि डीएनए तपासणी गुन्ह्याच्या तपासात आली १९८६ साली.

परीक्षक वाचकांचं ऐकून भलतीच दुरुस्ती करणे

रहस्यकथा नियमित वाचणारे तीन-चार जण शोधा. हस्तलिखित तीन तुकड्यांत द्या आणि प्रत्येक तुकड्यानंतर तीन प्रश्न विचारा: संशय कुणावर, कशावरून, दहापैकी किती खात्री. ‘कसं वाटलं’ हे विचारून उपयोग नाही.

सगळ्यांनी पहिल्याच तुकड्यात गुन्हेगार ओळखला, तर लेखक घाईने धागे काढून टाकतो. दोष बहुधा धाग्यांत नसतो. त्या पात्राला कथेत दुसरं काही कामच नसतं, म्हणून वाचक विचारतो, हा इथे कशाला? त्याला स्वतःची अडचण द्या, तपासात उपयोग द्या. ‘उरला तोच म्हणून’ असं उत्तर आलं, तर बाकीचे संशयित फार लवकर सुटलेत. शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत निदान तिघे टिकवा. कुणालाच ओळखता आलं नाही आणि सगळे चिडले, तर निर्णायक धागा एकदाच आणि पुसट आलाय. मध्येच वाचणं थांबलं असेल, तर तिथे सलग जबाब असणार. दोन जबाबांमध्ये काहीतरी घडू द्या, आणि ज्या जबाबाने आधीची माहिती बदलत नाही तो गाळा.

सगळं शेवटच्या भाषणात कोंबणे

सगळ्यांना एका खोलीत बसवून वीस पानं खुलासा करणं थकवतं. ‘कसं’ आधी सुटू द्या, सुमारे तीन-चतुर्थांश टप्प्यावर. ‘कोण’ आणि ‘का’ शेवटाला ठेवा. गुन्हेगाराने स्वतःहून दिलेली कबुली म्हणजे बहुतेकदा पुरावा कमी पडल्याची खूण.

तपासून पाहण्यासाठी उलगडा दहा वाक्यांत लिहा: अमुक दिसलं, म्हणून तमुक ठरतं. प्रत्येक वाक्यापुढे ती गोष्ट वाचकाने ज्या पानावर पाहिली त्याचा क्रमांक टाका. ज्या वाक्यापुढे क्रमांक येत नाही, तो धागा मागे जाऊन पेरा, शक्यतो पहिल्या अर्ध्या भागात. दोन वाक्यांपुढे एकच पान आलं, तर त्यातला एक धागा दुसरीकडे हलवा. हे झाल्यावर वेळापत्रक समोर ठेवून सुरुवातीपासून पुन्हा वाचा, आणि या फेरीत फक्त तारखा, वेळा आणि कुणाला काय कधी कळलं एवढंच बघा; भाषेची सुधारणा त्यानंतरच्या फेरीत.