१५३ खवल्यांचा मासा

मोझेक, म्हणजे काचेच्या-दगडाच्या छोट्या तुकड्यांची नक्षी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भिंत किंवा जमीन येते. गॅलिली समुद्राकाठी ताबघा इथल्या चर्चमध्ये, येशूने पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरवल्याच्या प्रसंगाचं, पाचव्या शतकातलं मोझेक आहे: मध्ये टोपली, तिच्यात चार भाकरी, दोन बाजूंना दोन मासे. पाचवी भाकरी वेदीवर असते, असं सांगतात. पण मला सपाट काही करायचं नव्हतं. हातात धरता येईल, मागूनपुढून फिरवून बघता येईल असा मासा हवा होता.

क्रूस का नाही, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "अगं, नुसता मासा? यात प्रभू कुठे आहे?" मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचून दाखवला. येशूच्या पुनरुत्थानानंतरची पहाट. रात्रभर काहीच न मिळालेले शिष्य. काठावरून कुणीतरी सांगतं, जाळं उजवीकडे टाका. तो येशूच असतो. मग १५३ मोठे मासे येतात आणि तरी जाळं फाटत नाही. मी गणित शिकवते, त्यामुळे मला हा आकडा कधी सोडतच नाही. "पुष्कळ मासे" लिहून भागलं असतं की! पण कुणीतरी बसून मोजले. म्हणून ठरवलं, माशाच्या अंगावर खवले बरोबर १५३. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाकी कुठे काही लिहायचं नाही, चिन्हं चिकटवायची नाहीत. श्रद्धेचं शिल्प करताना सगळ्यात मोठा मोह हाच असतो: क्रूस, कबुतर, द्राक्षवेल, मेणबत्ती, सगळं एकाच वस्तूवर. एक प्रसंग घ्या आणि त्याच्याशीच राहा.

आता मापं. आकडा आधी ठरला की मासा त्याच्या मागून येतो. काचेच्या मोझेक फरश्या साधारण २ सेंटीमीटर चौरस आणि ४ मिलिमीटर जाड मिळतात. दोन फरश्यांमध्ये २ मिलिमीटर फट धरली तर एका खवल्याला २.२ सेंटीमीटरचा चौकोन लागतो. १५३ खवल्यांना साधारण ७४० चौरस सेंटीमीटर. शेपूट सोडून ३४ सेंटीमीटर लांब, १६ उंच आणि १० जाड असं अंग घेतलं, त्यातून डोकं वजा केलं, की जवळपास एवढीच जागा उरते. शेपूट आणखी ११ सेंटीमीटर. ओळी अशा: मध्यावर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, १२ खवले. तिच्या वर आणि खाली ११, ९, ७, ५. झाले ७६. दोन्ही बाजू मिळून १५२. राहिलेल्या एकाचं पुढे सांगते.

गाभ्यासाठी दाट थर्माकोलच्या ५ सेंटीमीटर जाडीच्या दोन पाट्या घ्या. हलका पांढरा, दाणे सुटणारा थर्माकोल नको. कोरताना त्याचा चुरा होतो. दोन्ही पाट्यांवर माशाची बाजूची आकृती काढून कापून घ्या. त्या चिकटवण्याआधी मध्ये, मासा ज्यावर उभा राहणार त्या गजासाठी, खाच करायची. १२ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा गज, वरचं टोक इंग्रजी एलसारखं वाकवलेलं. हे वाकवणं विसरू नका. माझ्या पहिल्या माशात सरळ गज होता. दोन महिन्यांनी मासा स्वतःभोवती फिरायला लागला, देवळावरच्या वातकुक्कुटासारखा. वाकडं टोक आतल्या खाचेत अडकलं की मासा जागचा हलत नाही. पाट्या जोडायला पाण्यावर आधारित किंवा थर्माकोलसाठीच असलेला गोंद वापरा. रबराचा, वासाचा गोंद थर्माकोल चक्क खाऊन टाकतो.

मग कोरा. दातेरी पातं, त्यानंतर खरखरीत कानस. आकार हवा त्यापेक्षा चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर लहान ठेवा, कारण वर सिमेंटचे थर येणार आहेत. माशाचे पर पातळ करू नका. पातळ परांना मोझेक पेलत नाही. ते अंगालगत चिकटलेले, जाडसर बरे दिसतात. खवले, डोळा, तोंड यांतलं काहीही कोरायचं नाही. ते काम फरश्यांचं.

कोरलेल्या अंगावर फायबरग्लासच्या जाळीच्या पट्ट्या गुंडाळा. सिमेंटमध्ये टिकणारी जाळी मागून घ्या. त्यावर टाइल अ‍ॅडहेसिव्हचा ३ मिलिमीटरचा थर, दुसऱ्या दिवशी आणखी एक. ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवा. घाईने वाळलेल्या थराला केसाएवढ्या भेगा जातात आणि पुढे तिथूनच फरश्या सुटतात.

फरश्या चिकटवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोन गोष्टी करते. पहिली, २.२ सेंटीमीटरचे कागदाचे चौकोन कापून टेपने माशावर लावून बघते. ओळ कुठे वाकडी जाते, कुठे जागा उरते ते कागद फुकटात सांगतो. दुसरी म्हणजे मोजणी. १५३ फरश्या हातावर मोजायला गेलं की कुणीतरी हाक मारतं आणि आकडा हरवतो. त्यापेक्षा टेबलावर त्रिकोण मांडा: पहिल्या ओळीत १, दुसरीत २, तिसरीत ३, असं सतराव्या ओळीपर्यंत. त्रिकोण पुरा झाला की १५३ पुरे. एक ते सतराची बेरीज १५३ होते हे संत ऑगस्टिनने या अध्यायावर बोलताना सांगितलं आहे आणि त्यातून बराच अर्थही काढला आहे. माझा उपयोग त्यामानाने घरगुती. त्या त्रिकोणामुळेच कळलं की माझ्याकडे १५२ आहेत. तासभर शोधलं. हरवलेली फरशी माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेली होती.

रंग एकच घेऊ नका. पाठीकडे गडद निळा-हिरवा, मध्ये राखाडी, पोटाकडे फिका, जवळजवळ पांढरा. पण प्रत्येक ओळीत दोन-तीन फरश्या शेजारच्या छटेतल्या घुसवा. अगदी सरळ उतरत गेलेला रंग छापील दिसतो.

खवल्याचा आकार द्यायला चाकाची पक्कड लागते. फरशीचे एकाच बाजूचे दोन कोपरे किंचित खुडा. ती गोल बाजू शेपटीकडे. गॉगल डोळ्यांवर हवाच. काचेची कुसळं उडतात आणि दिसत नाहीत. टेबल हाताने पुसू नका, ब्रशने झाडा. सिमेंट आणि ग्राउट (फटी भरायचा मसाला) कोरडं असताना मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात राहते. पाठीच्या आणि पोटाच्या तीव्र वळणावर अख्खी फरशी बसत नाही, तिची कड वर येते. तिथे लोक फरशी मोडून दोन तुकडे लावतात, आणि एरवी ते बरोबरच आहे. बार्सिलोनात वास्तुकार गौदीच्या पार्क ग्वेलमधल्या बाकाची वळणं अशाच फुटक्या तुकड्यांनी मढवलेली आहेत. पण इथे एक मोडली की मोजणीत दोन होतात. म्हणून खवला अरुंद करा, मोडू नका. पाठीच्या आणि पोटाच्या धारेवर गडद, बारीक पट्ट्या लावा. त्या खवले नाहीत, त्यांना मोजायचं नाही.

चिकटवायला पांढरंच अ‍ॅडहेसिव्ह घ्या. काचेतून मागचा रंग दिसतो. करड्या सिमेंटवर माझा फिका हिरवा रंग साचलेल्या पाण्यासारखा मळकट झाला होता. मासा वाळूच्या पिशवीवर आडवा ठेवा. आधी मधली बारांची ओळ, मग वर, मग खाली. एका वेळी तळहाताएवढ्याच भागावर लेप द्या, फरशीच्या खाचांच्या बाजूलाही थोडा लावा, आणि दाबताना कल्ल्याकडची कड किंचित जास्त दाबा. शेपटीकडची कड मिलिमीटरभर वर राहते. एवढ्याने खवल्यावर खवला चढल्याचा भास होतो आणि प्रत्येक फरशी उजेड वेगळ्या कोनात परतवते. बायझंटाईन कारागीर भिंतीवरचे सोन्याचे तुकडे मुद्दाम कलते बसवत, त्यामागचं गणित हेच. एक बाजू झाली की २४ तास थांबा, मगच मासा उलटा.

डोळ्याला एक काळा गोल, भोवती पांढऱ्या बारीक तुकड्यांचं कडं. डोळ्यावर मी पूर्ण संध्याकाळ घालवली आणि तो तरी जरा घाबरलेला दिसतो. राहू दिला.

आता एकशे त्रेपन्नावा. तो सोनेरी. सोन्याची मोझेक फरशी म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. ती पकडीने खुडायला महाग आणि नाजूक, म्हणून तशीच चौकोनी ठेवा. तिची जागा पोटाखाली, गजाच्या मागे, जिथे उभ्याने पाहणाऱ्याला ती दिसणार नाही. दिसावी म्हणून नाही, मोजली जावी म्हणून लावली. सासूबाईंना मी ही जागा सांगितली नाही. त्यांनी मासा उलटून शोधली आणि मग बराच वेळ अंगठा त्या फरशीवरच ठेवून बसल्या. क्रूसाचा विषय नंतर निघाला नाही.

ग्राउट गडद करडं घ्या. पांढरं ग्राउट सगळे रंग फिके पाडतं. फट २ मिलिमीटरची आहे, तेव्हा बिनवाळूचं ग्राउट चालेल. वाळूचं ग्राउट ३ मिलिमीटरपेक्षा रुंद फटींसाठी. पाणी थोडं थोडं घालत टूथपेस्टइतकं घट्ट कालवा, हातमोजा घालून बोटांनीच चोळा, कारण गोल अंगावर पट्टी चालत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी नीट पिळलेल्या स्पंजने तिरकं पुसा. ओला स्पंज फटीतलं ग्राउट बाहेर ओढतो. या पुसण्यात पहिल्यांदा दिसतं की मधल्या रेषा आता जाळ्यासारख्या झाल्या आहेत. मी ते आधी योजलं नव्हतं. उरलेला पांढुरका थर दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने जातो. आम्ल लावू नका, ते ग्राउट खातं. मासा दोन-तीन दिवस दमट फडक्याखाली ठेवा. उघड्यावर ठेवायचा असेल तर महिन्याभराने ग्राउटवर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावा.

गज लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवा आणि ठोकळ्याचा वरचा भाग काळ्या पाटीच्या दगडाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांनी भरा. हे कोळसे. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. एकदा अंगणात, जिथे शेकत उभा असलेला शिष्य पेत्र येशूला नाकारून "मी त्याचा नाही" म्हणतो, आणि दुसऱ्यांदा या काठावर, जिथे त्याच पेत्रासाठी मासळी भाजलेली असते. काळ्या तुकड्यांमध्ये मी तीन लाल काचा बसवल्या. पेत्राचे तीन नकार म्हणा, किंवा न्याहारीनंतर येशूने त्याला तीनदा विचारलेला "माझ्यावर प्रेम करतोस का?" हा प्रश्न म्हणा. त्या एकमेकींना चिकटून नकोत, आणि त्यांच्यावर ग्राउटचा डाग राहू देऊ नका. लाल काच मळली की विझलेली दिसते.

ठेवताना दिवा डोक्यावर लावू नका, बाजूने आणि थोडा खालून लावा. खवल्यांच्या वर राहिलेल्या कडा तेव्हाच चमकतात, आणि खाली वाकलात तर पोटाखालीही काहीतरी पिवळं दिसतं.