कॉमेडी-ड्रामाचं विश्लेषण लिहिताय? या चुका टाळा

मास मीडियाच्या विद्यार्थ्यांना कॉमेडी-ड्रामा हा प्रकार सोपा वाटतो आणि नेमके तिथेच मार्क जातात. थरारपटात सावल्या असतात, भयपटात तर तंत्र स्वतःहून अंगावर येतं. पण हसता हसता घसा दाटून आणणाऱ्या चित्रपटात तंत्र मुद्दाम दिसेनासं केलेलं असतं. मग हाताशी काय उरतं? कथा, संवाद आणि नटांचं कौतुक. ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत, पण त्यातल्या एखाद्या प्रसंगात कॅमेरा कुठे ठेवला होता असं विचारा, वर्ग गप्प होतो.

उदाहरणासाठी इथे मुख्यतः एकच चित्रपट घेतो: बिली वाइल्डरचा 1960 सालचा ‘द अपार्टमेंट’. अनेकांच्या अभ्यासक्रमात तो नसेल, पण या प्रकारातली जवळजवळ प्रत्येक खुबी त्यात सापडते. न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर बढतीच्या आशेने आपल्या फ्लॅटची चावी साहेबलोकांना त्यांच्या लफड्यांसाठी देत असतो. पुढे त्याला कळतं की त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबाबरोबर, म्हणजे शेल्ड्रेकबरोबर, तिथे येणारी मुलगी आपल्याच मनात भरलेली लिफ्टवाली फ्रॅन आहे.

कथा सांगितली ती एवढ्याचसाठी. तुमच्या उत्तरातही ती याहून लांब नको. परीक्षकाने चित्रपट पाहिलेला असतो.

तंत्रांची नावं मोजून दाखवणं

‘या दृश्यात क्लोजअप वापरला आहे. त्यामुळे पात्राच्या भावना प्रेक्षकांपर्यंत पोहोचतात.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही चित्रपटाबद्दल लिहिता येईल. म्हणजेच ते कुठल्याच चित्रपटाबद्दल नाही. क्लोजअप, ट्रॅकिंग शॉट (पात्राबरोबर सरकणारा कॅमेरा), लो-की लाइटिंग (गडद सावल्यांची प्रकाशयोजना) अशी नावं ओळखणं ही पहिली पायरी झाली. बरेच जण तिथेच बसून राहतात, कारण पारिभाषिक शब्द टाकले की उत्तर जड दिसतं.

स्वतःच्या वाक्याची परीक्षा अशी घ्या: त्यात दुसऱ्या चित्रपटाचं नाव घालून वाचा. तरीही वाक्य खरंच वाटत असेल तर ते खोडा आणि तीन गोष्टी नेमक्या लिहा. पडद्यावर काय दिसतं, ते नेमकं कधी दिसतं, आणि त्या क्षणी आपल्याला काय कळतं जे आधी कळलं नव्हतं. यातली ‘कधी’ हीच गोष्ट सर्रास गाळली जाते, आणि विनोदात तर सगळा खेळ तिचाच.

हसू एका परिच्छेदात, रडू दुसऱ्यात

ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक. ‘चित्रपटातील विनोदी दृश्ये’ आणि ‘चित्रपटातील भावनिक दृश्ये’ असे दोन मथळे टाकून उत्तर लिहिलं की चित्रपटाचे दोन तुकडे होतात आणि पाहण्यासारखा सांधाच हातून निसटतो. चांगल्या कॉमेडी-ड्रामात तीच वस्तू, तीच चौकट, तोच आवाज आधी हसवतो आणि मग टोचतो. शोधायचं ते हे.

‘द अपार्टमेंट’मधला ख्रिसमसच्या ऑफिस पार्टीचा प्रसंग घ्या. बॅक्स्टरला बढती मिळाली आहे. त्याने साहेबी थाटाची काळी गोल हॅट घेतली आहे आणि ती शोभते का, हे त्याला फ्रॅनला विचारायचं आहे. हॅट किंचित हास्यास्पद दिसते, तो हॅटशी चाळे करतो, आपण हसतो. फ्रॅन पर्समधून पावडरची डबी काढून त्याच्या हातात देते: बघ आरशात. तो डबी उघडतो. आरसा तडकलेला.

आता मागे जा. हीच डबी बॅक्स्टरला आधी त्याच्या फ्लॅटमध्ये सापडली होती. साहेबाची मैत्रीण विसरून गेली असणार म्हणून त्याने ती इमानदारीने शेल्ड्रेकला परत केली होती आणि आरसा फुटलाय हेही सांगितलं होतं. ती मैत्रीण कोण, हे प्रेक्षकाला कळून चुकलं आहे. बॅक्स्टरला नाही. त्यामुळे फ्रॅनचा हात पर्सकडे जातो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो आणि तो मात्र अजून हॅट सारखी करत असतो. मग आरशाचा शॉट येतो: तडकलेल्या काचेत, डोक्यावर त्या मजेशीर हॅटसह, बॅक्स्टरचा दुभंगलेला चेहरा. कोणी रडत नाही, कोणी आरोप करत नाही. आरसा फुटलाय, एवढंच तो म्हणतो. फ्रॅनचं उत्तर असं की मला तो असाच बरा वाटतो, मी आतून जशी आहे तशीच त्यात दिसते. या सगळ्यात बाहेर पार्टी चालूच आहे.

हॅट विनोदाची, तडा दुःखाचा, आणि दोन्ही एकाच चौकटीत. कट कुठे होतो तेही पाहा. आपण आरसा पाहतो तो त्याच्या जागेवरून, म्हणजे साक्षात्काराच्या क्षणी वाइल्डर आपल्याला बॅक्स्टरच्या खुर्चीत बसवतो. या एका प्रसंगावर दीड पान लिहिता येतं. विद्यार्थी त्यावर एक ओळ लिहितात: ‘फुटलेला आरसा हे तिच्या तुटलेल्या मनाचे प्रतीक आहे.’ खरं आहे, पण ते तर फ्रॅनने स्वतःच सांगून टाकलंय. तुमचं काय?

साच्यातले अर्थ

लो अँगल (खालून वर पाहणारा कॅमेरा) म्हणजे सत्ता, क्लोजअप म्हणजे दुःख, लाँग शॉट म्हणजे विनोद, उजळ प्रकाश म्हणजे आनंद. गाइडात छापलेली ही समीकरणं जवळ ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी चित्रपटावर घासून पाहा. जवळून पाहिलं तर आयुष्य शोकांतिका आणि लांबून पाहिलं तर विनोद, अशा अर्थाचं एक वाक्य चॅप्लिनच्या नावावर खपतं आणि उत्तरपत्रिकांत नियम म्हणून वावरतं. त्याच चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’चा (1931) शेवट आठवा. आधी आंधळी असलेल्या फूलवाल्या मुलीला आता दिसतं, ती त्या भणंगाला, म्हणजे चॅप्लिनला, ओळखते, आणि अगदी जवळून दाखवलेल्या त्याच्या चेहऱ्यावर ओशाळं हसूही आहे आणि भीतीही. त्या क्लोजअपला एका खणात बसवून दाखवा.

उलट बाजूनेही तेच. फ्लॅट साहेबाला दिला म्हणून बॅक्स्टर रात्री सेंट्रल पार्कमध्ये बाकावर बसून कुडकुडतो. रुंद चौकट, मागे पसरत गेलेली रिकाम्या बाकांची रांग, त्यात एक माणूस. शॉट लांबचा आहे, प्रसंगाची कल्पनाही विनोदी आहे, आणि तरीही चित्रपटातल्या सगळ्यात एकाकी चित्रांपैकी ते एक आहे.

प्रकाशाचंही तसंच. बॅक्स्टरचं ऑफिस लख्ख उजेडात आहे, एकही सावली नाही, आणि तेच त्याचं भयाण रूप आहे. सुरुवातीला बॅक्स्टरचा आवाज आकडे सांगत सुटतो: न्यूयॉर्कची लोकसंख्या 80,42,783, ही माणसं एकापुढे एक झोपवली तर रांग कराचीच्या वेशीपर्यंत जाईल, आपल्या कंपनीत 31,259 कर्मचारी, आपलं टेबल एकोणिसाव्या मजल्यावर, नंबर 861. आकड्यांची ही हौस हास्यास्पद आहे. पण समोर टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा दिसतात आणि कळतं की हा माणूस स्वतःलाही आकड्यातच मोजतो. आवाज हसवतो, चित्र घाबरवतं. दोन्ही एकदम लिहिलंत तर ते विश्लेषण.

कान बंद ठेवून पाहणं

सबटायटल वाचण्याच्या नादात ध्वनीकडे दुर्लक्ष होतं आणि उत्तरात ‘पार्श्वसंगीत प्रसंगाला साजेसे आहे’ एवढीच नोंद येते. पार्श्वसंगीत म्हणजे सगळा ध्वनी नव्हे.

‘द अपार्टमेंट’च्या शेवटी नववर्षाच्या रात्री फ्रॅन धावत बॅक्स्टरच्या इमारतीत येते. जिन्यात असतानाच वरून ‘धाड’ असा आवाज होतो. ती हादरते आणि जिवाच्या आकांताने वर पळते. दार उघडतं तर बॅक्स्टरच्या हातात शॅम्पेनची फेसाळती बाटली. आपणही तिच्याबरोबर का घाबरलो? कारण पूर्वी एका मुलीपायी पिस्तूल घेऊन मरायला निघालो होतो आणि गोळी गुडघ्यात लागली, हा किस्सा त्याने मध्यंतरी गमतीत सांगितलेला असतो. तेव्हा हसण्यावारी नेलेली गोष्ट आता भीती बनून परत येते आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा हसू. एका बुचाच्या आवाजावर हे सगळं तोललेलं आहे.

निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. लिहायला काही सुचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

साधेपणाला उणेपणा समजणं

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’बद्दल (2009) ‘नाटकासारखा वाटतो’ किंवा ‘कॅमेरावर्क साधे आहे’ असे शेरे मी वाचलेत. बऱ्याच दृश्यांत कॅमेरा जागचा हलत नाही, पात्रं समोरून चौकटीत येतात आणि जातात, हे खरंच आहे. पण हा चित्रपट आहे दादासाहेब फाळक्यांवर, म्हणजे ज्या काळात कॅमेरा तिकाटण्यावर उभा करून समोरचं टिपत त्या काळावर. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तो कसा बनला हे सांगताना मोकाशी त्याच जमान्याची चौकट उसनी घेतात. घरातल्या वस्तू विकल्या जातात, फाळक्यांची दृष्टी जायची वेळ येते, आणि स्थिर चौकटीत हे कुटुंब जणू खेळ मांडल्यासारखं हसत वावरतं. कॅमेरा चेहऱ्यावर धावत गेला असता तर या प्रसंगांचा टाहो झाला असता. म्हणून न हलणं हाही निर्णयच, आणि त्याचा परिणाम लिहायचा असतो. दिग्दर्शक नाटकातून आलाय हे मूळ शोधून थांबायचं नसतं.

संदर्भाचा परिच्छेद वेगळा चिकटवणं

उत्तराच्या शेवटी ‘सामाजिक संदर्भ’ म्हणून चार ओळी टाकतात आणि त्यांचा तंत्राशी काही संबंध नसतो. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली 1934 पासून कडकपणे लागू झाली आणि 1968 मध्ये गेली. 1960 पर्यंत ती सैल पडत आली होती, पण हटली नव्हती. ही माहिती नुसती लिहिण्यात अर्थ नाही. फ्लॅटमधली लफडी आपल्याला कशातून कळतात ते दाखवा: चाव्या, रिकाम्या बाटल्या, जिन्यावरची ये-जा, भिंतीपलीकडच्या डॉक्टरचा ‘हे सगळं बॅक्स्टरच करतो’ हा गैरसमज. शेवटी शेल्ड्रेक पुन्हा फ्लॅटची चावी मागतो तेव्हा बॅक्स्टर त्याच्यासमोर साहेबलोकांच्या स्वच्छतागृहाची चावी ठेवतो आणि नोकरी सोडतो. संदर्भ असा वस्तूत उतरलेला दाखवता आला तरच घ्या.

सगळं दिग्दर्शकाच्या नावावर

ऑफिसच्या त्या अफाट रांगा अलेक्झांडर ट्रोनरच्या कलादिग्दर्शनाची करामत आहे. मागे मागे टेबलं लहान केली आणि तिथे ठेंगणी माणसं बसवली, म्हणून दालन आहे त्यापेक्षा खोल भासतं. छायालेखन जोसेफ लाशेलचं, संकलन डॅनियल मँडेलचं. ट्रोनर आणि मँडेल दोघांनाही त्या कामासाठी ऑस्कर मिळालं. ‘दिग्दर्शकाने सेट मोठा दाखवला आहे’ असं लिहिण्यापेक्षा हे अचूकही आहे आणि मार्कांच्या दृष्टीनेही बरं.

तरीही उत्तर अडलं तर

बहुतेकदा प्रसंग फार मोठा निवडलेला असतो. दोन-तीन मिनिटांचा घ्या आणि शॉट क्रमाने वहीत उतरवा: काय दिसतं, काय ऐकू येतं, कट कशावर होतो. हसू कुठे आलं आणि कुठे थांबलं, तिथे समासात खूण करा. त्या दोन खुणांच्या मधे जे शॉट पडतात त्यांच्यावरच लिहा, बाकीचे सोडून द्या.

शिक्षकांनी ‘वर्णनात्मक’ असा शेरा मारला असेल तर प्रत्येक वाक्याचं क्रियापद तपासा. ‘जातो, बोलतो, रडते’ अशी पात्रांची क्रियापदंच सगळीकडे असतील तर तुम्ही गोष्ट सांगताय. ‘लपवतो, उशिरा दाखवतो, तोडतो, ताणतो’ अशी चित्रपटाची क्रियापदं यायला हवीत.

आणि लिहायला बसण्याआधी हातातली प्रत नीट आहे ना ते पाहा. ‘द अपार्टमेंट’ पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित झालाय. जुन्या टीव्हीसाठी कडा कापलेली प्रत किंवा मोबाइलवरची उभी क्लिप पाहून चौकटीच्या रचनेवर लिहिलंत, तर टेबलांची अर्धी रांग तुम्हाला दिसलेलीच नसते. रील्सवर फिरणाऱ्या तुकड्यांत तर मूळ आवाजही बदललेला असतो, त्यामुळे ध्वनीवर लिहिण्याआधी मूळ चित्रपटच लावा.