वादळ येतंय? आधी शेडनेट उतरवा

जूनचा पहिला आठवडा म्हणजे रोपवाटिकेचा ऐन हंगाम. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या वाडीत हापूसची कलमं आणि सुपारीची रोपं विक्रीसाठी मांडून ठेवलेली होती. शेडनेट, म्हणजे रोपांवर सावलीसाठी पाईपांच्या सांगाड्यावर बांधलेली जाळी, तशीच ताणलेली. वारा तिच्यात शिडासारखा भरला, पायातल्या काँक्रीटसकट पाईप उपटले आणि कलमांवरच आडवे झाले. वाऱ्याने गेली त्याहून जास्त कलमं त्या पाईपांखाली चेंगरली.

म्हणून सांगते, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की रेडची वाट बघू नका. नेट उतरवा. गाठी सोडवत बसू नका, कोयतीने दोऱ्या कापा. दोरी पुन्हा मिळते, सांगाडा उभा करायला वर्ष जातं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आम्ही आदल्या दुपारीच नेट गुंडाळून पडवीत टाकली. सांगाडा जागचा हलला नाही.

मग कलमं. पिशव्यांना पाणी देऊन त्या जड करा आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला एकमेकींना चिकटवून आडव्या निजवा, बूड वाऱ्याकडे, शेंडा आत. कोवळा सांधा (खुंटावर हापूसची काडी जोडली ती जागा) असलेली यंदाची कलमं घरातच घ्या. आमच्या माजघरात तीनशे मावली, रात्रभर ओल्या मातीचा वास येत होता. वाफ्यांच्या कडेने चर मोकळे करा. रिकामे ड्रम, कुंड्या, ट्रे उडून माणसांना लागतात, ड्रम पाण्याने भरून ठेवा. वीज गेली की पंप बंद, तेच पाणी पुढे रोपांना आणि घराला पुरतं. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

घराजवळच्या माडांची सुकी झापं आणि नारळ दोन दिवस आधीच उतरवून घ्या. ऐन वेळी माडावर चढायला कोणी येत नाही, येऊही नये.

माणसांचं काम मात्र सगळ्यात आधी. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या आणून ठेवते. रोख पैसे, टॉर्च, काडेपेटी, तांदूळ, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये. मोबाईलला रेंज राहणार नाही, तेव्हा मुंबईतल्या नातेवाईकांना आधीच कळवा की आपण कोणाकडे थांबणार आहोत. कौलारू घर असेल तर स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जा, आणि गड्यांच्या कुटुंबांनाही सोबत न्या. वारा मध्येच एकदम थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल, तर थोड्या वेळात उलट दिशेने तितकाच जोर येतो.

आदल्या दिवशी प्रत्येक वाफ्याचा फोटो काढा आणि रोपांची संख्या वहीत लिहा. आमच्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. पंचनाम्याच्या वेळी मोडलेल्या पिशव्या मोजून दाखवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वारा शमल्यावर तुटलेल्या तारांना हात न लावता वाडीत जा. खारं वारं पानांवर मीठ ठेवून जातं आणि दोन दिवसांत पानं करपतात. पावसाने धुतली नसतील तर ड्रममधल्या गोड्या पाण्याने पानं धुवा. कलमं दोन दिवसांच्या आत उभी करा, नाहीतर शेंडे वाकडे वळतात आणि गर्दीत बुरशी धरते. मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. सांध्याच्या खालून मोडलेलं कलम मात्र काढून टाका. फुटवा आला तरी तो खालच्या रायवळ (गावठी आंब्याच्या) खुंटाचा, हापूस म्हणून तो गिऱ्हाइकाला देऊ नये.