लघवीच्या पिशवीचं जुनं दुखणं : या चुका टाळा

पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ, रिकामी केली की थोडा वेळ बरं, आणि पाऊण तासात पुन्हा तेच. रात्री चार-पाचदा उठणं. रिपोर्टमध्ये मात्र काहीच नाही. हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर इंटरस्टिशियल सिस्टायटिसचा विचार व्हायला हवा. डॉक्टर त्याला थोडक्यात आयसी म्हणतात. हल्लीच्या कागदांवर ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ असंही लिहिलेलं दिसेल. बायकांमध्ये जास्त आढळतो. पुरुषांनाही होतो, पण त्यांच्या फाईलवर बरेचदा ‘प्रोस्टेटची सूज’ असा शिक्का बसलेला असतो. हा जंतुसंसर्ग नाही, कॅन्सर नाही, नवऱ्याला किंवा बायकोला लागत नाही. मुळासकट घालवणारं औषध अजून निघालेलं नाही, तरी आटोक्यात येतो. मी या आजाराची पेशंट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

कल्चर न करता अँटिबायोटिक

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. जळजळ झाली की घरातले म्हणतात उन्हाळी लागली, धन्या-जिऱ्याचं पाणी पी. त्याने भागलं नाही की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिनची पट्टी येते. तीन-चार दिवसांत बरं वाटतं आणि ‘इन्फेक्शनच होतं’ हे पक्कं होऊन बसतं. पण त्या दिवसांत आणखी काय काय झालेलं असतं ते बघा. गोळीबरोबर लघवीची आग कमी करणारं सिरप घेतलेलं असतं, पाणी जास्त प्यायलेलं असतं, आणि आयसीची कळ तशीही काही दिवसांत आपोआप उतरते. श्रेय जातं गोळीला. पुढच्या खेपेला पुन्हा तीच, मग तिच्याहून जोरदार.

म्हणून पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याची तपासणी, द्या. रूटीन तपासणी वेगळी, कल्चर वेगळं. रूटीनमध्ये ‘पस सेल्स (पूच्या पेशी) ८-१०’ दिसलं म्हणजे संसर्ग सिद्ध झाला असं नाही. नमुना नीट गेला नाही तर कल्चरही फसवतं. डबी लॅबमधली निर्जंतुक हवी, घरातली धुतलेली बाटली नको. आधी जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, आणि झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. तासाभरात लॅबला पोचवता येत नसेल तर डबी पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे सरमिसळ जंतू, आलं तर बहुतेकदा नमुना बिघडलेला असतो. त्यावर उपचार सुरू करण्याऐवजी नमुना पुन्हा द्या. जंतू खरंच सापडले तर अँटिबायोटिक हवंच. आयसी असलेल्या माणसालाही अधूनमधून खरा संसर्ग होतो.

‘नो ग्रोथ’ म्हणजे आयसी, असंही धरू नका

आपल्याकडे हे विसरून चालत नाही. पस सेल्स सतत वाढलेल्या आणि साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं असेल तर मूत्रमार्गाचा टीबी आहे का ते बघावं लागतं. टीबीचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवत नाही. त्यासाठी लागोपाठ तीन सकाळची पहिली लघवी किंवा सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी लागते. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूवरही काम करतात. थोडे दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि तेवढ्यात पिशवी आकसत जाते. टीबी निघाला तर त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

लघवीतून रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर वाट बघू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच नाही. पिशवीच्या कॅन्सरची सुरुवात कधीकधी आयसीसारखीच वाटते. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) हेही असेच चकवतात.

डॉक्टरांसमोर गेल्यावर ‘खूप त्रास होतो हो’

केईएम, सायन किंवा ससूनच्या ओपीडीत पहाटे जाऊन केस पेपर काढला तरी डॉक्टरांसमोरची वेळ मोजकीच मिळते. खाजगी दवाखान्यात पैसे जास्त जातात, वेळ फारसा वाढत नाही. त्या वेळात ‘त्रास होतो, झोप नाही’ एवढंच सांगून उठलात तर हातात पुन्हा अँटिबायोटिक येण्याची शक्यता दाट. डॉक्टरांना हवी असते ती माहिती अशी: दुखणं पिशवी भरताना वाढतं का, लघवी झाल्यावर कमी होतं का, दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, दर वेळी किती मिली.

मिली कसं सांगणार? मेडिकलमध्ये मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग मिळतो. तो बाथरूममध्ये ठेवा आणि सलग तीन दिवस वहीत लिहा. एक ओळ साधारण अशी दिसते: ‘पहाटे ४.१०, १२० मिली, दुखणं दहापैकी ६, झाल्यावर ३. रात्री जेवताना टोमॅटोचं सार.’ मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. तुमची वही दर वेळी शे-सव्वाशे दाखवत असेल तर न बोलता बरंच काही सांगून जाते. जवळपास दर वेळी तीनशे-चारशे मिली होत असेल तर प्रश्न कदाचित साखरेचा किंवा नुसत्या जास्त पाण्याचा असेल. तेही कळलेलं बरं.

वहीसोबत एक पान जोडा. त्रास कधी सुरू झाला, कल्चर कोणत्या तारखांना झाली आणि काय आलं, कोणती औषधं किती दिवस घेतली, कशाने फरक पडला, कशाने नाही. जुनी सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट मागे. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही त्या पानावर लिहा. ओरडतील म्हणून लपवणारे पुष्कळ आहेत.

शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं का, हा प्रश्न या आजारात महत्त्वाचा असतो. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर असताना त्याचं खरं उत्तर कोण देणार? ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे’ असं सांगायला संकोचू नका. हे सांगितलं नाही, तर ओटीपोटाखालच्या आखडलेल्या स्नायूंची तपासणी राहून जाते.

आणि दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलू नका. नवे डॉक्टर पहिल्या पायरीपासूनच सुरू करणार. बदलायचंच असेल तर आयसीचे पेशंट नियमित बघणारा युरॉलॉजिस्ट शोधा. गाव सोडून जावं लागलं तरी एकदा जाणं परवडतं.

सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे मनाचं दुखणं

सोनोग्राफीत आयसी दिसत नाही. काहींच्या पिशवीच्या आतल्या भिंतीवर लालसर चट्टे असतात, त्यांना हनर लीजन म्हणतात. बाल्टिमोरचे गाय हनर यांनी १९१५ साली त्यांचं वर्णन केलं. ते फक्त दुर्बिणीने, म्हणजे सिस्टोस्कोपीत दिसतात. प्रत्येकालाच दुर्बीण लागत नाही. पण वय पन्नाशीपुढे असेल, दुखणं तीव्र असेल किंवा औषधांना दाद देत नसेल, तर ‘हनर आहे का बघायचं का?’ असं स्वतःहून विचारा. कारण चट्टे असतील तर ते जाळता येतात किंवा तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, आणि पुष्कळांना त्याने लक्षणीय आराम पडतो. चट्टे पुन्हा येऊ शकतात, तेव्हा रिपोर्टबरोबर फोटोही मागून घ्या.

औषधाचं नाव वाचून ते बंद करणं

अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं की घरी कोणीतरी मोबाईलवर शोधतं आणि सांगतं, ही तर डिप्रेशनची गोळी. पेशंट दुखावतो, गोळी कचऱ्यात जाते. आयसीत ती रात्री, कमी मात्रेत, नसांची कळ शमवण्यासाठी देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, पोट साफ होत नाही. हे त्रास सांगून मात्रा बदलून घेता येते. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पेंटोसान पॉलिसल्फेट या आयसीसाठी तोंडाने घ्यायच्या औषधाच्या बाबतीत दोन चुका होतात. एक म्हणजे महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडणं. या औषधाला तीन ते सहा महिने लागतात. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षं घेत राहून डोळे न तपासणं. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाने काहींच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याचं २०१८ पासून पुढे आलं आणि २०२० मध्ये तिथल्या लेबलवर तसा इशारा आला. सुरू करताना आणि नंतरही नियमित पडदा तपासून घ्या. ते रक्त किंचित पातळही करतं, त्यामुळे दात काढायचा असला तरी आधी सांगा.

कीगल

म्हणजे लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम. करू नका. आयसीत हे स्नायू बरेचदा आधीच आवळलेले असतात, ते आणखी आवळून कळ वाढते. ते सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शोधा.

खाणंपिणं

‘थंड’ मानलेलं सगळं पिशवीला मानवतं असं नाही. कोकम सरबत, लिंबूपाणी आंबट आहेत. संसर्गासाठी दिली जाणारी क्रॅनबेरीची पुडी आयसीत आग वाढवू शकते, व्हिटॅमिन सीची गोळीही. चहा, कॉफी, टोमॅटो, चिंच, ठेचा, सोडा, दारू हे नेहमीचे संशयित. पण सगळं कायमचं सोडून भात-मुगावर राहणं हीदेखील चूकच. दोन आठवडे साधं जेवा, मग दर तीन दिवसांनी एकेक पदार्थ परत आणा आणि वहीत लिहा. माझं चहाशी वाकडं निघालं, दह्याशी नाही. तुमचं उलटं असेल.

पाणी कमी पिणं ही बाहेर पडणाऱ्या बायकांची नेहमीची युक्ती. लोकलमध्ये शौचालय नाही, एसटीत नाही, आणि मुंबईत बायकांना स्वच्छ, फुकट मुतारीसाठी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी करावी लागली, यावरून काय ते समजा. तरीही घट्ट, पिवळीजर्द लघवी पिशवीला जास्त झोंबते. एकदम तांब्याभर न पिता दिवसभर थोडं थोडं प्या.

कळ अचानक वाढली तर

आधी कल्चरचा नमुना, मग बाकी सगळं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, सैल कपडे, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सांगून ठेवलेलं औषध. ते सांगून ठेवलेलं नसेल तर पुढच्या भेटीत हाच पहिला प्रश्न विचारा. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर ही नेहमीची कळ नव्हे. रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा.